कर्ता गाळून वाक्य लिहा

नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य आणि नुकतेच रुजू झालेले भाऊसाहेब यांच्यासाठी ही छोटी मार्गदर्शिका. (2024 मध्ये ग्रामसेवकाचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं. पाटी बदलली, हाक तीच राहिली, म्हणून इथेही भाऊसाहेबच.)

पहिला धडा व्याकरणाचा. शाळेत बाईंनी तीन प्रयोग शिकवले, तेव्हा ते पुढे पोटापाण्याला येतील असं कुणी सांगितलं नव्हतं. कर्तरी प्रयोग कार्यालयात शक्यतो टाळावा. ‘मी पैसे मागतो’ हे वाक्य 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात तीन ते सात वर्षांचं आहे. त्याऐवजी ‘थोडं बघावं लागेल’ म्हणावं. कुणी बघायचं, काय बघायचं, समोरच्याला बरोबर कळतं. वाक्यात मात्र कुणीच सापडत नाही. ‘वरपर्यंत द्यावं लागतं’ हे तर फळ्यावर लिहून ठेवावं असं उदाहरण. देणारा नाही, घेणारा नाही, ‘वर’ म्हणजे तालुका की आभाळ तेही नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी, तरच सुटका. त्यामुळे हल्ली देणाऱ्यालाही हे वाक्य सोयीचं वाटतं.

कर्तरी प्रयोग फक्त फाइलीसाठी राखून ठेवावा. फाइल अडकते, फाइल सरकते, फाइल कपाटामागे पडते आणि वजन ठेवलं की उडत नाही. 2005 चा एक कायदा आहे, त्याचं पूर्ण नाव वाचेपर्यंत चहा गार होतो. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. सहाव्या दिवशी ‘झेरॉक्स सुवाच्य नाही’ असा शेरा मारून ती परत पाठवावी. नवी झेरॉक्स, नवे सात दिवस. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर कसूर झाल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. त्याचं ब्रीद ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’. यातल्या ‘आपली’चे मराठीत दोन अर्थ होतात, आणि कुठला घ्यायचा याचा निर्णय टेबलाच्या अलीकडच्या बाजूला होतो.

भेटवस्तूंचं फार अवघड नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत प्रसंगपरत्वे झालेलं जेवण किंवा कुणी गाडीतून सोडणं याला भेट समजत नाहीत. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी 1967 चे वेगळे नियम आहेत, पण मटण दोन्हीकडे सारखंच शिजतं. ‘प्रसंगपरत्वे’ या शब्दाचा अर्थ आठवड्यातून किती वेळा, हे प्रत्येकाने आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावं. ज्याचं काम आपल्याकडे आहे त्याचा भारी पाहुणचार टाळावा असंही तिथेच लिहिलं आहे. म्हणून रस्सा पातळ करायला सांगावा.

आता खरा विषय: ठेका. ग्रामपंचायत अधिनियमाचं 14 वं कलम सदस्याला बजावतं की पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, हितसंबंध असेल तर पद जाईल. कलम शांतपणे वाचावं. त्यात ‘भागीदार’ हा शब्द आहे, ‘मेहुणा’ हा नाही. गटाराचं काम मेहुण्याने घेतलं तर आपला हितसंबंध फक्त बहिणीच्या संसाराशी, आणि बहिणीचा संसार सुखाचा व्हावा असं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. मात्र तीन दरपत्रकं मागवताना काळजी घ्यावी. एका गावात तिन्ही कोटेशनांत ‘सिमेंट’चं ‘सिंमेट’ झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. तीन स्पर्धकांच्या हातून एकच चूक होणं हा योगायोग मानायला मी तयार होतो; पण तिन्ही कागदांवर चहाच्या कपाचा एकेक पाव गोल होता आणि ते जुळवले की पाऊण कप भरत होता.

त्याच 14 व्या कलमात इतर पथ्यंही आहेत. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य नको. घरात शौचालय हवं, आणि सदस्य ते नियमित वापरतो असं प्रमाणपत्र हवं. गाव एवढ्या बारकाईने कुणावर लक्ष ठेवू शकतं हे कळलं की रस्ता कुणी खाल्ला हे का कळत नाही, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास येतो. त्या वेळी कोरम नसल्याचं लक्षात आणून द्यावं. अतिक्रमणाच्या बाबतीत मात्र सावध राहा. ‘ते वडिलांनी केलंय’ ही सबब चालत नाही. घरच्यांच्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्रच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सांगून टाकलं. म्हणजे तिथे ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाला अचानक दात फुटले. मेहुण्याला हे सांगू नये, झोप उडेल.

महिला सरपंचांसाठी मला वेगळं प्रकरण लिहायचं होतं. निम्म्या जागा राखीव झाल्या आणि कर्ता गाळायची नवीच पद्धत निघाली. बैठकीत बोलतात सरपंचांचे मालक, ठेकेदाराला भेटतात मालक, साइटवर जातात मालक. वहिनी चहा करून झाल्यावर दाखवलेल्या जागी सही करतात. चौकशी लागते तेव्हा कागदावर एकच नाव असतं, त्यांचं. सगळ्या मार्गदर्शिकेत कर्ता जागेवर राहिलेलं हे एवढंच वाक्य, आणि ते चुकीच्या माणसाच्या नावावर. याच्यावर विनोद करायला बसलो होतो, जमला नाही.

शेवटची सूचना हातांबद्दल. कुणी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करून आलेला असेल तर त्याच्या नोटांना बिनरंगी पावडर लावलेली असू शकते. नोटा मोजून झाल्या की दोन पंचांसमोर हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायला लावतात, आणि पाणी गुलाबी होतं. अशा वेळी घाबरून ‘मी घेतले’ असं काही बोलून बसू नये. इतकी वर्षं शिकलेलं व्याकरण इथेच आठवायचं. ओले हात तसेच धरून, शक्य तितक्या सहज आवाजात सांगावं:

‘साहेब, हात लागला असेल.’