लेबल आखणाऱ्यास, पातूरहून

कीटकनाशकाच्या बाटलीवरचं लेबल आखणारे महोदय,

श्रावणात पऱ्हाटीवर तुडतुडे आले, म्हणून पातूरच्या बाजारातून तुमचं औषध आणलं. विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. बाबांनी चष्मा पुसला, बाटली उन्हात धरली, तिरपी केली. पंपाला किती मिली, ते काही सापडेना. फिकट हिरव्यावर पिवळी अक्षरं, तीही मुंगीएवढी. शेवटी सातवीतल्या पुतणीनं मोबाइलवर फोटो काढला, मोठा केला आणि वाचून दाखवलं. तुमच्या कंपनीचं नाव मात्र धुऱ्यावरून वाचता येत होतं.

2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांत लिहिलंय, की किंमत आणि मापाचे आकडे मागच्या रंगाहून ‘कॉन्स्पिक्युअसली’ वेगळे दिसले पाहिजेत. हा शब्द तुम्ही ओलांडून गेलात, म्हणून फोडून सांगतो. तो लॅटिनमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. मुळाशी ‘स्पेकेरे’, म्हणजे पाहणं. संस्कृतातला ‘स्पश्’ हा धातू त्याच कुळातला आणि त्यातूनच आपला ‘स्पष्ट’. बाबांच्या चष्म्याला इंग्रजीत स्पेक्टॅकल्स म्हणतात, तेही याच घरचं. भडक कपड्यांमुळे चारचौघांत उठून दिसणाऱ्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात, तेव्हा त्यात थोडी नापसंती असते. पण शोधून सापडतं ते कॉन्स्पिक्युअस नव्हे. न शोधता नजरेत भरतं ते. सरकारी मराठीत ‘दर्शनी’, आमच्या तोंडी ‘ढळढळीत’.

1971 चे कीटकनाशक नियम तर मापच देतात: लेबलचा किमान सोळावा हिस्सा धोक्याच्या चौकोनाला, त्याच्या खालच्या त्रिकोणात विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल सगळ्यांत जहाल. तेवढं तुम्ही छापलंत, कारण तिथं माप ठरलेलं होतं. विषबाधेची लक्षणं आणि उतारा ज्या पत्रकात, त्याची अक्षरं मात्र घड्यांमध्ये पार विरून गेली आहेत.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. कारणं अनेक होती, सगळा दोष अक्षरांचा नव्हता. पण दवाखान्यात डॉक्टर विचारतात, कोणतं औषध फवारलं? तेव्हा घाबरलेल्या माणसाच्या हातात तुमची बाटलीच असते. त्याला ती वाचता आली पाहिजे.

पुढच्या फवारणीआधी पंपाचं माप आणि उतारा पांढऱ्यावर काळ्या, ठळक मराठी अक्षरांत छापा. मग बाटली घेऊन आमच्या वावरात या आणि ती बाबांच्या हातात द्या. पुतणी त्या वेळी शाळेत असेल.