नो-क्लेम मामा

भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात चारी बाजूंनी पोचे पडलेली एखादी गाडी दिसली, तर मालक कंगाल झाला असं समजू नये. तो बहुधा पन्नास टक्केवाला असतो. पाच वर्षं विम्याचा एकही क्लेम न करता त्यानं नो-क्लेम बोनस ५० टक्क्यांवर नेऊन ठेवलेला असतो आणि आता घरच्या सोन्यापेक्षा त्याला त्या बोनसची काळजी जास्त असते.

मामा हे या पन्नास टक्केवाल्यांचे म्होरके. नेमके कुणाचे मामा, ते कुणी विचारत नाही. सोसायटीत सेक्रेटरी म्हणून हयात गेली, त्यामुळं व्याज, दंड आणि मुदत हे तीन शब्द ऐकले की डोळ्यांत तेज येतं. गाडी पांढरी, छोटी, के.ए. ३८. तिच्या डाव्या दाराला सस्तापूर बंगल्याचा खड्डा आहे, मागच्या दिव्याखाली हुमनाबादच्या उसाच्या ट्रॉलीची खूण आहे, उजव्या फेंडरवर गाणगापूरच्या पौर्णिमेची गर्दी आहे. कलबुर्गीच्या सुपर मार्केटात एका ऑटोवाल्यानं आरसा नेला, त्या जागी दुसऱ्या रंगाचा आरसा आहे. क्लेम मात्र एकही नाही.

कुणाची गाडी कुठंही घासली की पहिला फोन मामांना. मामांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाला लागलं का?" लागलं असेल तर मामा हिशेबच काढत नाहीत. आधी दवाखाना, मग पोलीस, मग कंपनीला कळवा. रस्त्यावर नोटा मोजून मिटवामिटवी करायची नाही, असं खडसावून सांगतात. पत्र्यालाच लागलं असेल तर आवाज एकदम मायाळू होतो. "बोनस किती चाललाय?"

वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. हा पाढा मामांना बे एके बेच्या आधी पाठ झाला असावा. बऱ्याच लोकांना वाटतं की पन्नास टक्के म्हणजे सगळा हप्ताच निम्मा. असं कुणी म्हटलं की मामांना ठसका लागतो. सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. थर्ड पार्टीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा, तिथं बोनसबिनस काही नाही.

"धरा," मामा सुरू करतात. मामांचं प्रत्येक वाक्य 'धरा'नं सुरू होतं. "धरा, मूळ हप्ता आठ हजार. बोनसमुळं तुमी भरूलालाव चार. क्लेम केला की बोनस शून्य. पुढच्या साली आठ भरा, म्हणजे चार हजाराला बुडालाव. त्याच्या पुढं वीस टक्के, मग पंचवीस, असं चढत चढत पन्नासावर जाईपर्यंत आणखी दोन हजार चारशे, दोन हजार, बाराशे, चारशे. झाले दहा हजार. वर अठरा टक्के जीएसटी. अकरा हजार आठशे."

"आणि मिळतील किती?"

"धरा, शोरूमचं बिल अकरा. त्यात बंपर सहा हजाराचा. प्लास्टिक म्हटलं की झीज म्हणून निम्मं कापतात. राहिले तीन. रंगाचे तीन, त्यातून पावणेचारशे गेले. मजुरी दोन, ती पुरी. वरनं एक हजार सक्तीची कपात. हातात साडेसहा हजार." इथं मामा थांबतात, समोरच्याकडं बघतात. "म्हणजे क्लेम न करता घरातनं अकरा गेले असते, क्लेम करून सोळा जाऊलालेत. करा की क्लेम. कंपनीचं भलं होईल."

अर्थात मामा अकरा तरी कशाला देतील? बिदरचे मिस्त्री आहेत ना. ते गरम हवेनं बंपर मऊ करून आतून गुडघ्यानं दाबतात, चिरेला प्लास्टिकचा डाग देतात, वर पुट्टी, वर रंग. मामांची गाडी लांबून दिसली की आपल्या दखनीत हाक मारतात, "क्या मामा, फिर ठोक लिए?" मामा म्हणतात, "हौ." पुढचं संभाषण फक्त पैशांवर होतं.

झिरो डेप घेतलं तर ही झिजेची कपात टळते आणि गणित बदलतं, हे मामांना ठाऊक आहे. त्याचा जादा हप्ता भरवत नाही, एवढंच. एक एजंट तर बोनस शाबूत ठेवणारं वेगळं संरक्षणही विकायला आला होता. मामांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "म्हंजे विम्याचा विमा?" तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. त्यांच्या इंजिनियर भाच्यानं एकदा मुद्दा काढला की गाडीची किंमत दरसाल उतरते, आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत उतरते, तसा हप्ताही उतरणार. मामांचे दहा हजार फुगवलेले आहेत. मामांनी चष्मा पुसला. "उतरतोय ना? मग असल्या उतरत्या काळात बोनस कशाला घालवायचा?" यात तर्क कुठं बसतो ते मला सांगता येणार नाही, पण बैठकीत भाचा हरला.

मामांची खरी कसोटी लागली ती भालकीतल्या एका लग्नात. १९५६ साली जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. सोयरिकी मात्र होत्या तिथंच राहिल्या. त्यामुळं आमच्याकडं मंगल कार्यालयाबाहेर तीन राज्यांच्या नंबरप्लेटा खेटून उभ्या असतात. मामांनी गाडी मागं घेतली आणि आवाज आला. मागं एम.एच. २४ होती. चार महिन्यांची, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली. आणि मालक कोण? उदगीरचे इवाई. मामांच्या थोरल्या लेकीचे सासरे.

"ऱ्हाऊ द्या हो, इवाईसाहेब, काय झालं एवढं," असं म्हणत इवाई वाकून तो पोचा बोटानं चाचपत होते. "नाही नाही, माझीच चूक," असं म्हणत मामा स्वतःच्या बंपरकडं चोरून बघत होते. दोन्हीकडच्या बायका अक्षता हातात धरून दारात उभ्या. आत मंगलाष्टकं सुरू झाली तरी दोघं हलेनात.

शेवटी इवायांनीच विचारलं, "तुमी जाणकार. क्लेम करू का?"

हिशेब तर अगदी सरळ होता. गाडीचं पहिलंच वर्ष, गमवायला बोनसच नाही. फार तर पुढच्या साली मिळणारे वीस टक्के हुकतील. शोरूमनं झिरो डेप गळ्यात घातलेलं. इंजिन दीड हजार सीसीच्या आतलं, म्हणजे कपात एक हजार. आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या तोंडून शब्द निघाले, "करा क्लेम." बाजूला उभे असलेले लोक दचकले.

अडचण पुढंच होती. अर्जात अपघात कसा झाला ते लिहायचं असतं. समोरच्या गाडीचा नंबर लिहायचा असतो. इवाई म्हणाले, "तुमचं नाव कागदावर कसं घालू? खांबाला लागली म्हणून लिहितो."

मामा लाल झाले. "खोटं लिहू नका. खोटं निघालं तर क्लेम जातो." मग त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागं स्वतःच्या हातानं नाव, गाडीचा नंबर आणि 'मागे घेताना माझ्याकडून धडक' असं सोसायटीच्या ठरावासारखं लिहून दिलं, खाली सही, तारीख. पत्रिकेत पाकीट गुंडाळलं. पाकिटात १,००१ रुपये होते. हजार कपातीचे, एक आहेराचा. स्वतःचा बंपर अर्थातच मिस्त्रींकडं गेला.

लेकीच्या सासरी त्या दिवसापासून मामांचा मान वाढला. गाडी लावताना त्यांना सगळ्यात लांबची जागा दाखवतात, एवढंच.

एवढं सगळं सांभाळलेला बोनस गेला तो क्लेममुळं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले काही दिवस गाडी चालवू नका. गाडी शेडमध्ये. पॉलिसी १० जुलैला संपली. मामांनी हिशेब केला: उभ्या गाडीला विमा कशाला? बोनसला मुदत असतेच, तीन महिने. तेवढे दिवस हप्ता वाचला. बरोबर १० ऑक्टोबरला ते एजंटाकडं हजर झाले. एजंटानं तारीख बघितली, पुन्हा बघितली. कंपनीच्या नियमात तीन महिने नसतात, ९० दिवस असतात. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे. झाले होते ९२.

सोसायटीत दोन दिवसांच्या थकबाकीवर दंड लावणाऱ्या माणसाला यावर काही बोलता येईना.

पॉलिसी खंडित झालेली, म्हणून नवी द्यायच्या आधी गाडी तपासायला कंपनीकडून एक पोरगा आला. जुनं नुकसान नोंदवून ठेवायचं, म्हणजे उद्या त्याचा क्लेम मागता येणार नाही. मोबाइल काढून तो गाडीभोवती फिरू लागला. डाव्या दाराच्या पोच्यावरून त्यानं अंगठा फिरवला, गंज हाताला लागला.

"सस्तापूर," मामा म्हणाले. "पावसाळा होता. पुढं टँकर, मागं बस. मी म्हणलं, क्लेम करायचा न्हाई."

पोरगा फेंडरकडं वळला. मामा त्याच्यामागं. "ही गाणगापूरची. दत्ताची पौर्णिमा. शोरूमवाला नऊ हजार म्हणाला, मिस्त्रीनं दीडमध्ये..."

"काका, नुसते फोटो पाहिजेत."

"घ्या की. पण मागचं बघा, तिथं उसाची ट्रॉली हाय. बिनादिव्याची. रात्री अकराला."