कुंडीकाका

बागवाले लोक निराळे. त्यांना जमीन असते, माळी असतो, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात भाग घ्यायची उमेद असते. कुंडीकाकांजवळ यातलं काही नाही. त्यांच्याजवळ आहे दोन खोल्यांचा फ्लॅट, पूर्वेची एक खिडकी आणि श्रीखंडाचे रिकामे डबे. तापवलेल्या सळईने डब्याच्या बुडाला भोकं पाडली की कुंडी तयार. जिन्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला की आम्ही समजतो, काकांकडे पुन्हा बाळंतपण आहे.

असे काका प्रत्येक सोसायटीत असतात. वयाची अट नाही. आमच्या वरच्या मजल्यावरची आयटीतली मुलगी पंचविशीतच काका झाली आहे. तिच्या कुंड्या सिरॅमिकच्या, आणि मातीला ती माती म्हणत नाही, मिक्स म्हणते. त्यात कोकोपीट, पर्लाइट, गांडूळखत. काका वर मूठभर निंबोळी पेंड घालतात, आणि मग त्यांच्याकडे दोन दिवस कोणी चहाला जात नाही. काकूंची अडचण वेगळी. त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात काही टाकून द्यायची मुभा उरलेली नाही. तांदळाचं धुवण, कांद्याची सालं, चहाचा चोथा, सगळ्याचा वारस ठरलेला. ओट्याखाली केळ्याच्या सालीचं पाणी मुरत असतं. पाहुण्याने ते एकदा कोकम सरबत समजून ग्लासात ओतून घेतलं होतं.

फ्रिजवर स्नेक प्लँट, वॉशिंग मशीनवर सिंगोनियम, बेसिनजवळ बाटलीत मनी प्लँट. तो अर्थातच चोरलेला, विकत घेतलेला लागत नाही म्हणतात. स्नेक प्लँटला कोणी सॅन्सेव्हिएरिया म्हटलं तर काका दुरुस्ती करतात, ‘आता ड्रॅसिना म्हणायचं. कूळ बदललंय त्यांचं.’ सुनेच्या माहेरचं आडनाव त्यांना आजही नीट आठवत नाही.

एवढी झाडं कशाला, असं विचारलं की काका नासा काढतात. 1989 साली नासाच्या शास्त्रज्ञांनी बंद पेटीत झाडं ठेवून पाहिली, हवेतली विषारी द्रव्यं कमी झाली, हे खरंच. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. भाच्याने त्यांना 2019 सालचा एक आढावा वाचून दाखवला: दारंखिडक्यांतून आपसूक जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. काकांनी हॉलवर नजर फिरवली. ‘म्हणजे अजून बरीच जागा आहे,’ ते म्हणाले. भाचा तेव्हापासून फक्त दिवाळीला येतो.

पण ही झाली मोठी झाडं. काकांचा जीव खरा अडकलेला असतो रोपांत. कोशिंबिरीच्या टोमॅटोतला गर ते वाटीत काढून घेतात, दोन-तीन दिवस आंबवतात (बियांभोवतीचा बुळबुळीतपणा त्याने सहज जातो, आणि तो उगवणीला अडथळा करतो), मग धुऊन पेपरावर वाळवतात. आठवडाभरात डब्यात हिरवी रेघ उठते. पहिली दोन पानं लांबट, साधी. त्यानंतर येतं ते कातरलेल्या कडेचं खरं पान, आणि चुरगळलं तर टोमॅटोचा वास देणारं. चुरगळणार कोण म्हणा! रोप हलवायच्या दिवशी काका आंघोळ करून बसतात. आइस्क्रीमच्या काडीने मुळाखालची माती सैल करायची, देठाला बोटही लावायचं नाही, पहिल्या पानाच्या टोकाला धरून अलगद उचलायचं. पान गेलं तर दुसरं येतं, देठ चिरडला की संपलं. तेवढ्यात बेल वाजली तर काकू दार उघडून तोंडावर बोट ठेवतात.

पाणी जास्त झालं की रोपं कोलमडतात. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि सकाळी रोप आडवं. तसं दिसलं की काका काकूंची दालचिनी पूड करून शिंपडतात आणि त्या दिवशी जेवताना बोलत नाहीत.

आता शेतकऱ्याला विचारा. तो दाट उगवलेल्यातली अशक्त रोपं उपटून टाकतो, त्याला विरळणी म्हणतो आणि जेवायला जातो. काकांना विरळणी ठाऊक आहे. ते दुसऱ्यांना ती कशी करावी हे सांगतातही. स्वतःच्या डब्यापुढे बसले की मात्र हात चालत नाही. एका टोमॅटोत शेकड्यावर बिया, त्यातल्या बहुतेक उगवणार, आणि काका एकही उपटणार नाहीत. टोमॅटोला निदान सहा तास थेट ऊन हवं; काकांच्या खिडकीत ते दोन तास रेंगाळतं. रोपं उजेडाकडे माना काढून लांबडी होतात. काका रोज सकाळी प्रत्येक डबा पाव फेरा फिरवतात. जमेल तितकं.

म्हणून वाटप. कोणाच्या घरात किती ऊन येतं हे काकांना तोंडपाठ आहे. 302 मध्ये नवं जोडपं राहायला आलं तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं नाही, ‘गॅलरी पश्चिमेला ना?’ एवढंच विचारलं. संध्याकाळी त्यांच्या दारात चार डबे. पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला बाई येतात, बॅटरी मारून कुंड्यांखालच्या बशा बघतात. काकांच्या सगळ्या बशा कोरड्याठाक. खूश होऊन त्यांनी बाईंना दोन रोपं देऊ केली. ‘ड्यूटीवर काही घेता येत नाही आम्हाला,’ बाई म्हणाल्या. इतका सोयीचा नियम सोसायटीत आणता येईल का, यावर पुढच्या मीटिंगला चर्चा झाली.

कारण रोप घेऊन सुटका नसते. काका चौकशीला येतात. जिन्यात गाठून विचारतात, ‘कसं आहे?’ आणि प्रश्न तुमच्याबद्दल नसतो. 302 मधल्या मुलाची चारही रोपं पाण्याने कुजली. काका येणार म्हणून तो धावत नर्सरीत गेला आणि तेवढ्याच उंचीचं टोमॅटोचं रोप आणून श्रीखंडाच्या त्याच डब्यात लावून बसला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटून पाहिलं, देठाशी नाक नेलं.

‘हे माझं नाही.’

मुलगा गप्प. बायको आत पळाली.

‘बुटकी जात आहे ही. कुंडीतली,’ काका म्हणाले आणि मांडी घालून बसले. ‘धरू दे फळ. पहिलं पिकलं की बिया मला.’