आधी कळस, मग परवानगी

प्रति,
श्री. कोकस शिल्पी,
मूळ राहणार पैठण, हल्ली मुक्काम दंतकथा.

विषय : वेरूळ परिसरात आपल्या बांधकाम पद्धतीचा झालेला प्रसार.

महोदय,

सा. न. वि. वि.

कृष्ण याज्ञवल्कींच्या ‘कथाकल्पतरू’त आपली हकीकत आहे. राजा आजारी पडला. राणीने घृष्णेश्वराला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा खडखडीत बरा झाला. बाकीचे शिल्पी बोटांवर महिने मोजू लागले, तेव्हा आपण पुढे झालात आणि आठवड्यात कळस दाखवतो म्हणालात. डोंगर माथ्याकडून खाली कोरायला घेतलात, कळस दिसला, राणी जेवली. इतिहासवाले वेरूळच्या या कैलास लेण्याचे श्रेय आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट कृष्णराजाला देतात. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. आम्हाला आपली पद्धत पटली आहे आणि आम्ही ती सरसकट स्वीकारली आहे, एवढेच कळवायला हे पत्र.

आमच्या इथेही आता आधी कळसच चढतो. घृष्णेश्वराला श्रावणात रीघ लागते, लेण्यांना बारमाही गर्दी असते, आणि नाशिकचा २०२७चा कुंभमेळा तोंडावर आहे. तेव्हा भाऊसाहेब (नाव घेत नाही, असे भाऊसाहेब गावोगाव आहेत) जागेचा बयाणा देतात. दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो. भूमिपूजनाच्या बॅनरवर मालकापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो. फुटिंग, कॉलम, सेंट्रिंग, स्लॅब. स्लॅबवर टाकी बसायच्या आत ‘लॉजिंग-बोर्डिंग, शुद्ध शाकाहारी’ हा बोर्ड लागतो. मग एके दिवशी कर्जाच्या कामाला गेलेले भाऊसाहेब बँकेतून परत येतात आणि इंजिनिअरला विचारतात, “ते परवानगीचं काय असतं?”

सोबत कॅरीबॅगेत कागद असतात : सातबारा, वीजबिल, सरपंचांच्या लेटरहेडवरचे ‘हरकत नाही’, आणि हुकमाचा एक्का म्हणून नमुना आठचा उतारा. नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीने घरपट्टी आकारल्याची नोंद. तिने बांधकाम कायदेशीर होत नाही, फक्त करपात्र होते. पण हे त्यांना सांगायला जावे तर ते आपल्याकडे असे पाहतात, जणू आपणच घरपट्टी खाल्ली.

खरे तर वाट सोपीही असू शकते. डिसेंबर २०२०मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि पाठोपाठ २०२१मध्ये ग्रामविकास खात्याने सांगितले की खेडेगावात सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगीसाठी थांबायला नको. मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक इंजिनिअरचा दाखला द्या, शुल्क भरा, कामाला लागा. सोळाशे ते बत्तीसशे चौरस फूट असेल तर ग्रामपंचायतीने दहा दिवसांत दाखला द्यायचा. गावठाणाबाहेर पाऊल पडले की मात्र दार बदलते. तिथे जिल्हाधिकारी की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हे गट नंबर सांगून आधीच विचारावे लागते. विचारायला पैसे पडत नाहीत. बहुधा म्हणूनच कुणी विचारत नाही.

आणि वेरूळला यावर आणखी एक दार आहे, ते आपल्यामुळे. प्राचीन स्मारकांचा १९५८चा केंद्रीय कायदा २०१०मध्ये दुरुस्त झाला. आता संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय बंद. हे २०० मीटर भाऊसाहेबांना चांगले ठाऊक असतात, फक्त दुसऱ्या कायद्यातले. जमीन महसूल संहितेतल्या ४२-ड कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरमधली जमीन नियमांच्या अधीन राहून निवासी वापरासाठी अकृषिक मानली जाते, एन.ए.साठी वेगळे हेलपाटे नकोत. “आपली जागा दोनशे मीटरमध्येच आहे,” असे ते छाती पुढे काढून सांगतात. असेल. पण एक दोनशे मीटर सवलत देतात आणि दुसरे अडवतात. एकच प्लॉट दोन्हींत बसू शकतो, आणि बसला तर अडवणाऱ्याचे आधी ऐकावे लागते.

अंतर मोजण्याची तऱ्हाही ऐका. भाऊसाहेब मोटारसायकलवर बसतात, लेण्यांच्या तिकीटखिडकीपासून दुकानापर्यंतचे अंतर मीटरवर बघतात आणि “अर्धा किलोमीटर आहे साहेब” म्हणतात. कायदा मोजतो संरक्षित हद्दीपासून, सरळ रेषेत. आपली चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटर डोंगरकडेने पसरलेली. हद्दीची रेघ एखाद्या लेण्याच्या तोंडाशी थांबत नाही, ती जिथे असेल तिथून टेप लावायचा. रस्त्याचे वळण, ओढा, मध्ये आलेले कुणाचे शेत, हे काही धरायचे नाही.

दोनशेच्या पट्ट्यात जागा आली म्हणून कुणी फासावर जात नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्याने तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचे, मग महिन्यात होय की नाही. कागदावर साडेतीन महिने. राणीसाहेबांचे हाल झाले असते हे मान्य. पण हेच साडेतीन महिने बयाण्याआधी धरले तर फक्त वाट पाहणे असते. स्लॅबनंतर धरले तर बँकेचे व्याज, सळयांना गंज, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद.

शंभरच्या आतल्यांची तऱ्हा वेगळी. तिथे १६ जून १९९२च्या आधीपासून उभे असलेले घर रीतसर परवानगी घेऊन दुरुस्त करता येते. दुरुस्तीच्या नावाखाली वर मजला चढवता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना हा कायदा जाचतो, आणि त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. पण तक्रार त्यांची असते आणि तिच्या आडोशाला उभा राहतो तीन मजली लॉजवाला.

गंमत म्हणजे आपलीच फाईल आज आली असती तर नामंजूर झाली असती. शेजारच्या दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा शिलालेख आहे, म्हणजे तो शेजारी आपल्या आधीचा. भिंतीला भिंत. शंभर मीटर कुठून आणणार?

एक शंका मात्र राहून राहून येते. वरून खाली कोरणाऱ्याला चूक परवडत नाही. तोडलेला दगड परत चिकटत नाही. म्हणजे पहिला घाव घालण्याआधी आपण तो कातळ हिंडून पाहिला असणार, भेगा तपासल्या असणार, खालच्या हत्तींची रांग कुठे येणार हे कळस कोरण्याआधी ठरवले असणार. आपण सगळे आधी ठरवलेत म्हणून कळसापासून सुरुवात करू शकलात. आम्ही आपला नुसता कळस उचलला.

बडोद्याच्या इसवी सन ८१२च्या ताम्रपटात म्हटले आहे की ते देऊळ पाहून खुद्द ते घडवणाराच थक्क झाला, हे आपल्या हातून झाले कसे म्हणून. आमचे भाऊसाहेबही नोटीस हातात घेऊन अगदी तेच म्हणतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नकाशे काढणारा एक इसम

ता. क. : हे पत्र मध्येच कुणा भाऊसाहेबांच्या हाती लागले तर त्यांना विनंती. बयाणा देण्याआधी सातबारा आणि गट नकाशा घेऊन इंजिनिअरकडे या, स्लॅबनंतर नव्हे. जागा गावठाणात की बाहेर आणि संरक्षित हद्दीपासून किती मीटरवर, या दोनच प्रश्नांनी पुढचे दार कोणते ते ठरते. आणि काहीतरी बांधायची हौस अगदीच अनावर झाली असेल, तर सार्वजनिक शौचालयाला या कायद्याने बांधकामाच्या व्याख्येतून वगळले आहे. वेरूळला त्यांची गरजही आहे.