काकांच्या मनगटावरचा गजर

वारशात कुणाला शेत मिळतं, कुणाला त्या शेताची कोर्टातली तारीख. मला काकांचं घड्याळ मिळालं. डायलवर रशियन अक्षरं, पोटात १८ ज्वेल्स आणि उजव्या कुशीला एकाऐवजी दोन चाव्या.

काका बालानगरच्या आयडीपीएलमध्ये होते. १९६१ साली स्थापन झालेल्या या सरकारी औषध कंपनीचा हैदराबादचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, त्यामुळे तिथं रशियन तज्ज्ञांचा राबता असे. त्यांतल्या एकानं मायदेशी जाताना काकांना हे घड्याळ दिलं आणि काकूच्या पुरणपोळ्यांचा डबा नेला. हा व्यवहार काकांच्या मते रशियाला महागात पडला, काकूच्या मते आपल्याला.

कारण ते भलत्या वेळी वाजे. गणेशोत्सवात अध्यक्ष ‘शेवटचे दोन शब्द’ म्हणत नव्या विषयात शिरले, की काकांच्या मनगटातून कर्रर्र! काका दचकत, मनगट झाकत, हात जोडत. तोवर लोकांनी टाळ्या वाजवून भाषण संपवलेलं असे. रात्री उशिरा निघालेले पाहुणे दारातून परत येऊन टेकले, की कर्रर्र! आतेबहिणीला पाहायला आलेल्या मुलाचे वडील “आमच्या काही अपेक्षा नाहीत, फक्त...” एवढं म्हणाले आणि कर्रर्र! ते ‘फक्त’ तिथंच राहिलं, स्थळही. “रशियन माल, करता काय!” असं म्हणून काका मोकळे. सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ बाराचे टोले देताना पाहायला लोक तिकीट काढून येतात, आधीपासून जागा धरतात. आमच्याकडे तोच प्रकार फुकट होता, फक्त वेळापत्रक नव्हतं.

तर हे बिघडलेलं घड्याळ घेऊन मी सुलतानबाजारात एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते उघडलं, आत पाहिलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “खराबी कैकू रहती साब? ये अपने आप बजतीच नईं!”

मग त्यांनी शिकवणीच घेतली. खालची चावी वेळेची, वरची गजराची. दोन्हींच्या स्प्रिंगा वेगळ्या. वरची पिळून भरायची, बाहेर ओढायची, गजराचा काटा हव्या त्या वेळेवर आणायचा. वेळ झाली की आतली चिमुकली हातोडी मागच्या झाकणाच्या खुंटीवर आपटत सुटते. दहा-बारा सेकंदांत स्प्रिंग रिकामी. पुन्हा वाजायला हवं तर पुन्हा पिळा. “और अब्बीच बजाना हुआ तो?” त्यांनी काटा फिरवून सरळ चालू वेळेवर आणला. कर्रर्र! शेजारचा अत्तरवाला उठून उभा राहिला.

घरी येऊन वाचलं, तर हे खानदान बरंच मोठं निघालं. स्वित्झर्लंडच्या व्हल्केन कंपनीनं १९४७ साली असं घड्याळ काढलं. नाव ‘क्रिकेट’, खेळातलं नव्हे, रातकिडा. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन ते वापरत. आमचं ‘पल्योत’ मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यातलं, ए. शिल्ड या स्विस कंपनीच्या यंत्राबरहुकूम बनवलेलं. म्हणजे रशियन मालावर घेतलेला आळ निम्मा स्विस लोकांच्याही माथी बसत होता. प्रत्यक्षात गुन्हेगार एकच, आणि तो सदऱ्याच्या बाहीखाली काटा फिरवत, चेहरा भाबडा ठेवून बसलेला असे. शीतयुद्धात अमेरिकेनं केली नसेल एवढी सोव्हिएत संघाची बदनामी या एका माणसानं केली.

हे सगळं मी काकूला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

“त्यांची बोटं जाड,” ती म्हणाली. “वरची चावी त्यांना कुठली पिळता यायला? भरून मीच द्यायचे. त्या स्थळाच्या वेळी तर चहा ठेवताना मीच खुणावलं, आता वाजवा म्हणून.”