खरेदीबंदीचा वर

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या देवळामुळे मराठवाडाभर माहीत असलेलं गाव. परळीच्या लोहमार्गावरचं स्टेशनही देवाच्याच नावाचं. अशा गावात कुणी व्रत धरलं तर नवल नाही. पण 2025 च्या पाडव्याला इथल्या एका निवृत्त गुरुजींनी धरलेलं व्रत कुठल्याच पोथीत सापडत नाही. वर्षभर अनावश्यक खरेदी बंद!

कल्पना चिरंजिवांची. ते हिंजवडीला असतात आणि तिकडे सध्या ही साथ आहे. पगार जमा झाला की खर्च न करता राहायचं आणि राहतोय हे चार जणांना दाखवायचं. गुरुजींना पटलं. पेन्शन दरमहा येते, म्हणजे त्यागाला लागणारं किमान भांडवल त्यांच्यापाशी होतं. बाकीचं गाव पेरणीपासून सोयाबीन अडतीवर जाईपर्यंत दरसाल हेच व्रत करतं, फक्त त्याचं उद्यापन कधी होत नाही. पारावर संकल्प जाहीर झाला तेव्हा एक जण म्हणाला, "गुरुजी, आमचं तर आज्यापासून चालूच हाय की. तुम्ही आत्ता लागलाव व्हय?"

गुरुजींनी वहीत नियम लिहिले. दुकानातून नाही, मोबाईलवरून नाही. रोखीने नाही, उधारीने नाही. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी नाही. हिरण्यकशिपूनेही वर मागताना अशीच कडेकोट यादी केली होती, आणि ती यादी तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसून निकालात काढणारा देव याच गावचा. पंधरवडा उलटायच्या आत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. दिवेलागणीची वेळ. टोपली टेकवली तीही नेमकी उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर. काकूंनी गुरुजींच्या जुन्या पँटी पुढे टाकल्या आणि घासाघीस करून झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. रोख नाही, उधार नाही! नियम मोडला की नाही यावर घरात रात्रभर खल झाला. सकाळी घालायला पँट सापडेना, तेव्हा नवी पँट 'आवश्यक' रकान्यात गेली.

खरी परीक्षा बस्त्याने घेतली. पुतणीचं लग्न निघालं. दोन्हीकडची माणसं जीप भरून परभणीला गेली, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसली, चहा आला आणि साड्या उलगडायला लागल्या. आधी नवरीचा शालू, मग मानाच्या साड्या, मग देण्याघेण्याच्या. ही शेवटची जात नीट बघण्यासारखी आहे. दुकानदारच विचारतो, "नेसायची दाखवू का देण्याघेण्यातली?" विणणारा, विकणारा, देणारी आणि घेणारी, चौघांनाही ठाऊक असतं की ही साडी कुणीही, कधीही नेसणार नाही. ती घडी न मोडता एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत जाणार. टॉवेल-टोपीचंही तेच. मांडवात माईकवरून नाव पुकारायचं, सोयऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची, आणि खुर्चीवर टेकेपर्यंत त्याने ती खिशात घालायची. टॉवेल असा की त्याने अंग पुसलं तर टॉवेलच संपेल.

गुरुजींनी बाणा दाखवला. आहेर करणार नाही! भावकीत बोलणं बंद झालं. "पेन्शन उचलतो अन् टोपीला महाग झाला," असं एक वाक्य गल्लीतून फिरून त्यांच्या ओसरीवर आलं. शेवटी काकूंनीच ट्रंक उघडली आणि जुन्या लग्नांतल्या टोप्या बाहेर काढल्या. मान राहिला, व्रतही राहिलं. लग्नाहून परतल्यावर मोजल्या तर दिल्या त्याहून जास्त टोप्या घरी आल्या होत्या.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवी वस्तू घ्यायला लोक कचरतात, त्यामुळे गुरुजींना एकदम बहुमत मिळालं. 21 तारखेला सर्वपित्री झाली. 22 ला घटस्थापना, आणि तोच मुहूर्त धरून जीएसटी उतरला. मोठा टीव्ही 28 टक्क्यांवरून 18 वर, साबण 18 वरून 5 वर, ट्रॅक्टर 12 वरून 5 वर. दिल्लीने त्याला नाव दिलं 'बचत उत्सव'. खरेदी केल्याशिवाय बचत होत नाही, हे गणित पोरांना पाढे शिकवलेल्या गुरुजींना काही सुटलं नाही. न घेतलेल्या टीव्हीवरचा वाचलेला कर कुठल्या रकान्यात मांडायचा?

त्याच महिन्यात मराठवाड्यात पाऊस खळ खाईना. ट्रॅक्टर स्वस्त झाला तेव्हा सोयाबीन पाण्यात उभं होतं. रानात ट्रॅक्टर घातला असता तर चाकासकट रुतला असता. हमीभाव होता 5,328 रुपये क्विंटल. काळा पडलेला माल बघून अडत्याने काय भाव काढला, ते पारावर कुणी कुणाला विचारलं नाही. त्या दिवाळीत गुरुजींचं व्रत गावाने सामुदायिकरीत्या पाळलं. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, अख्खं गाव तुमच्यासोबत? भारीच की!"

धनत्रयोदशीच्या आधी किराणा दुकानदार ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, महिन्याच्या महिन्याला रोख देणारं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही अन् चार नोकरदार. तुमच्या पैशावर मी परभणीहून माल भरतो अन् बाकीच्यायला सोयाबीनवर उधार देतो. तुमची बचत व्हायलीय, पण गावाची उधारी कोण चालवावी?"

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग उठून त्याच्यासोबत दुकानात गेले. उटणं, अत्तराची बाटली, फरसाण, आकाशकंदील, वर एक प्लॅस्टिकची फुलांची माळ. पैसे रोख मोजले. घरी येऊन वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'परोपकार'. भाऊबीजेपर्यंत तो रकाना भरला. नवी वही आणावी लागली. तीही त्याच दुकानातून, रोखीने.