व्हॉल्व्ह उघडा, निसर्ग येऊ द्या

भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल सुरू झाल्याची बातमी फिरली की शनिवारी पहाटे पुण्या-मुंबईच्या गाड्या अकोले तालुक्याच्या दिशेनं सुटतात. सुरू झाला म्हणजे काय झालं? तर पाटबंधारे खात्याच्या माणसानं विल्सन धरणाचा व्हॉल्व्ह उघडला. 1926 साली पुऱ्या झालेल्या त्या दगडी भिंतीतून पाणी सुटतं, खालच्या गोलसर खडकावर आदळतं आणि छत्रीसारखं पसरतं. दिसतं झकास, वादच नाही. फक्त ‘निसर्गाच्या कुशीत’ असं खाली लिहायचं असल्यानं फोटोत भिंत येऊ द्यायची नसते. हे कौशल्य कुणाला शिकवावं लागत नाही.

भिंत कापल्यावर उरते गर्दी. तीही कापायची. एकांताचा फोटो काढण्यासाठी इथं रांग लागते. ‘दादा, जरा बाजूला व्हा ना, एकट्याचा काढायचाय.’ दादा सरकतात, कारण पुढचा नंबर त्यांचाच असतो.

हौशी फोटोग्राफरचे हाल तर विचारू नका. तो ट्रायपॉड रोवतो, भिंगावर काळी काच चढवतो आणि शटर काही सेकंद उघडं ठेवतो. पाणी दुधासारखं मऊ येतं. या युक्तीचा आणखी एक फायदा म्हणजे चालती माणसं फोटोतून विरघळून जातात. परदेशात जात असतील. आपल्याकडे धबधब्यापाशी कुणी हलतच नाही. जो तो हात पसरून, मान उंचावून, डोळे मिटून उभा. परिणामी फोटोत धबधबा पुसट आणि कुणाचे तरी काका ठळक, तेही तोंडात भाजलेलं कणीस धरून.

हे धरण ज्या प्रवरा नदीवर आहे, तिच्यावरच पुढे रंधा धबधबा आहे. तो अस्सल, 170 फुटांचा. पण पावसाळा ओसरला की त्याचं पाणी वीजनिर्मितीकडे वळतं आणि तो बारीक होतो. कठड्यावरून लगेच शेरा येतो, ‘यंदा फोर्स नाही.’ आणि हा शेरा मारणाऱ्याला फोन चार्ज करायला वीज मात्र हवी असते.

लोणावळ्याच्या भुशी धरणाला तर अस्सल की नक्कल हा प्रश्नच पडत नाही. ते धरण रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. इंजिनं कधीच गेली. आता सांडव्याच्या पायऱ्यांवर बसून शिट्ट्या माणसं मारतात. धरण भरून वाहू लागलं की ते बातमीत येतं, आणि बातमीत आलं की रस्ताही भरून वाहू लागतो.

या सगळ्यात भंडारदऱ्याच्या पाण्याला खरं तर पुढे बरीच कामं असतात. ओझरच्या बंधाऱ्यापाशी ते प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना लागतं आणि तिथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या रानांत जातं. तिकडचा शेतकरी या पाण्याला धबधबा म्हणत नाही, आवर्तन म्हणतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, किती क्युसेकनं सोडलंय? तुमची छत्रीची रील त्याच्याही मोबाइलवर पोचते. बाकीचे खाली बदाम टाकत असताना तो एवढंच लिहितो, ‘साहेब, आमच्या चारीला अजून आलं नाही.’